आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे

जुनी अमेरिकन मोटार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? लांबलचक नाक, चकचकीत पितळ-निकेल, मागे पंख फुटलेली एखादी शेव्हरोले किंवा डॉज. कापसाच्या तेजीच्या काळात आमच्या वऱ्हाडातल्या जिनिंगवाल्यांच्या आणि बड्या देशमुखांच्या दारात अशा गाड्या उभ्या असत, असं वडीलधाऱ्यांकडून मी ऐकलं आहे. पण मी आज ज्या अमेरिकन गाडीबद्दल बोलणार आहे, तिला ना पंख ना पितळ. ती चिखलातून गेली, तिच्यातून कापसाचे बोजे गेले, नवरीमुली सासरी गेल्या, अडलेल्या बाया दवाखान्यात गेल्या. ती म्हणजे जीप. तिला अमेरिकन म्हणताना आपल्याला थोडं अवघडल्यासारखं होतं, इतकी ती आपली झाली आहे.

आमच्या दर्यापूरच्या घरी अशी एक जीप आहे. १९६१ सालची. अब्बांनी ती १९७५ साली सरकारी लिलावात घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. १९९८ पासून ती टिनाच्या शेडमध्ये उभी होती. २००४ मध्ये अब्बा गेले. २०१९ मध्ये एक भंगारवाला दारात आला, त्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि वजनावर भाव सांगितला. एकोणतीस हजार. धाकट्या भावाला पैशाची गरज होती, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी त्याला म्हणालो, "हे एकोणतीस हजार मी देतो, गाडी राहू दे." मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला, फावल्या वेळात कविता करणारा. पाना कुठल्या बाजूनं धरायचा तेही मला धड माहीत नव्हतं. पुढची चार वर्षं, बहुतेक रविवार, मी त्या शेडमध्ये काढले. त्यात जे शिकलो, ते सांगतो.

आधी ही गाडी आपल्याकडे आली कशी, ते बघू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँड कंपनीनं आणि फोर्ड कंपनीनं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळात बांधल्या. युद्ध संपल्यावर विलीजनं तीच गाडी शेतकऱ्यांसाठी काढली.

इकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आद्याक्षरं तीच राहिली. याच कंपनीनं मुंबईत माझगावला अमेरिकेहून सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे एकेक भाग इथेच घडवायला घेतला. मी मुसलमान घरातला मराठी कवी आहे. ती दोन नावं शेजारीशेजारी वाचली की मी थोडा वेळ तिथेच थांबतो. नावातला एक भागीदार गेला, गाडी मात्र इथेच राहिली. माझ्या आजोबांनीही दर्यापूर सोडलं नाही.

आता एक प्रश्न. शेव्हरोले आणि डॉज आमच्या भागातून नाहीशा झाल्या, मग जीपच का टिकली? जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. फोर्ड तर त्याआधीपासून होती. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या सुमारास सरकारनं धोरण ठरवलं, की नुसतं जोडकाम चालणार नाही, भाग इथे बनवायचे असतील त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. त्यांच्या गाड्या अनाथ झाल्या. एखादा गिअर तुटला की गाडी जागेवर बसायची. जीपचे भाग मात्र दशकानुदशकं इथेच बनत राहिले. म्हणून आजही अकोल्याला, नागपूरला, नाहीच तर दिल्लीच्या कश्मिरी गेटच्या बाजारात तिचा वॉल्व्ह, तिचं गास्केट, तिचा ब्रेकचा रबर मिळतो. मोटार किती मजबूत, यापेक्षा तिचा सुटा भाग किती जवळ मिळतो, यावर तिचं आयुष्य ठरतं.

आमची जीप विलीजच्या सीजे-३बी जातीची. ही जात अमेरिकेत १९५३ मध्ये आली. ओळखायची खूण सोपी आहे. हिचं बॉनेट उंच, चौकोनी पेटीसारखं असतं. त्याचं कारण आतल्या इंजिनात आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि जळका धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी हिची रचना. त्यामुळे इंजिन आधीच्या जीपपेक्षा उंच झालं आणि त्यावरचं झाकणही उंच करावं लागलं. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटरचं इंजिन, तीन गिअर. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या. एकीनं पुढची चाकंही कामाला लागतात, दुसरीनं ओढ वाढते आणि वेग कमी होतो. आमची काळी माती पावसात कशी चिकटते, हे वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको. बैलगाडी रुतायची तिथून ही जीप निघायची, ती या दोन दांड्यांमुळे. मात्र डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून गाडी चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर चाक घसरत नाही, म्हणून सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो.

आता कामाकडे वळतो. शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपमध्ये इंजिनच नव्हतं. १९८६ मध्ये पेट्रोल परवडेना म्हणून अब्बांनी तिला डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हा वऱ्हाडातल्या कितीतरी जीप अशाच डिझेलच्या झाल्या. १९९८ मध्ये बहिणीच्या लग्नाच्या वेळी ते डिझेल इंजिन एका चक्कीवाल्याला विकलं. मूळचं पेट्रोल इंजिन मात्र त्यांनी विकलं नाही. ऑइलमध्ये भिजवलेल्या बारदान्यात गुंडाळून ते गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. अम्मी त्यावरून चिडायची. अब्बा एवढंच म्हणायचे, "ये उसका जनम का इंजन है." त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी ज्यांच्याकडून शिकलो, ते बनोसा भागातले एक म्हातारे मिस्त्री. वय पंचाहत्तरच्या पुढे. गॅरेज मुलांकडे सोपवून घरी बसलेले. मी त्यांना विचारलं, "काकाजी, इंजिन कधी उघडायचं?" ते म्हणाले, "भाऊ, आंधी गाडी थांबली पायजे, मंग चालली पायजे. तुमी बिरेक करा." मला वाटलं, इंजिनच चालू नाही तर ब्रेकची घाई कशाला? मी ऐकलं नाही. आधी इंजिन बसवलं. एका रविवारी शेजारची पोरं, पुतणे असे आठ-दहा जण जमले. धक्का मारून गाडी सुरू करू म्हणाले. चौथ्या धक्क्याला इंजिन पेटलं. पोरांनी आरोळी ठोकली आणि जीप आमच्या गल्लीच्या उतारावरून निघाली. मी ब्रेकवर पाय दिला, तो थेट पाटीला टेकला. समोर शेजारणीची नात बसून खेळत होती. मी स्टेअरिंग ओढलं आणि जीप आमच्याच ओट्याच्या दगडी कठड्यावर घातली. पोरीला काही झालं नाही. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मंग, बिरेक कराचे ना आता?"

ब्रेकचं काम असं असतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल नळ्यांमधून चारही चाकांकडे ढकललं जातं आणि तिथले छोटे सिलिंडर ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला भिडवतात. जुन्या जीपमध्ये चारही चाकांची मिळून एकच वाट असते. एका चाकाचा रबर फाटला की सगळे ब्रेक जातात. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, म्हणून निदान अर्धे ब्रेक उरतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर आतून लोखंड गंजतं. म्हणून नियम असा, की उभी राहिलेली गाडी काढायची तर सगळे रबर नवे, नळ्या नव्या, ऑइल नवं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. आणि इंजिनचं ऑइल चुकूनसुद्धा त्यात घालायचं नाही, त्यानं रबर फुगतो आणि ब्रेक अडकतात.

इंजिनाचं म्हणाल तर अब्बांच्या त्या बारदान्यानं बाहेरून ते जपलं होतं, पण आत दट्टे सिलिंडरला धरून बसले होते. अशा वेळी जोर लावला की तुटतं. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइलचं मिश्रण सोडलं आणि वाट पाहिली. आठ दिवस, पंधरा दिवस. रोज संध्याकाळी पान्यानं हलकेच हलवून बघायचं. अठराव्या दिवशी ते केसभर हललं. मग ते उघडलं, सिलिंडर घासून घेतले, नव्या रिंगा घातल्या, वॉल्व्ह हातानं पेस्ट लावून बसवले. उघडताना एक पथ्य पाळलं. प्रत्येक नट-बोल्ट काढला की श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, डब्यावर चिठ्ठी लावायची, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. कवितेत एखादा शब्द खोडून परत आणता येतो. उलट्या आट्याचा बोल्ट एकदा पिरगाळून तुटला की लेथवाल्याकडे जावं लागतं.

पुढे लावण्याचं हँडल फिरवायची पाळी आली तर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, हँडलला विळखा घालू नये. इंजिननं उलट झटका दिला तर अंगठा मोडतो. जुन्या ड्रायव्हरांना हे ठाऊक असे, नव्या पिढीला कोण सांगणार? पॉइंटमधली फट इंचाचे वीस हजारांश भाग, म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि प्लगची फट तीस हजारांश. हे आकडे मी पतसंस्थेच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. फिलर गेज नावाची पात्यांची जुडी थोड्या पैशांत मिळते. अंदाजानं फट ठेवू नका. गाडी सकाळी चालू होत नाही, याचं कारण दहातून सहा वेळा इथे सापडतं. उरलेल्या वेळा कारण असतं अर्थिंगचं. गंजलेल्या पत्र्यातून वीज परत बॅटरीकडे जात नाही. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनाला अशा दोन जाड वायरी स्वच्छ घासलेल्या जागी पक्क्या आवळल्या, की निम्मं दुखणं जातं.

आता आमच्या मातीचं एक दुखणं. दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. खाली पाणी आहे, पण खारट. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं. मागच्या एका उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नव्हतं. मी आळस केला आणि रेडिएटरमध्ये हापशीचं पाणी भरलं. माणसानं प्यायचं नाही ते पाणी लोखंडाला चालेल, असं मला का वाटलं कुणास ठाऊक. क्षारांचा थर पातळ नळ्यांमध्ये बसला, बिडाचा ब्लॉक आतून गंजू लागला. दोन महिन्यांनी अंजनगावच्या रस्त्यावर, भर उन्हात, इंजिन उकळलं. मी घाबरून त्यात बाटलीतलं गार पाणी ओतलं. टच्च असा आवाज आला. हेडला चीर गेली होती. तापलेलं बीड एका जागी एकदम गार झालं की आकसतं, बाकीचं आकसत नाही, आणि ते तडकतं. जुनं हेड अकोल्याला मिळालं, पण माझा दीड महिन्याचा पगार गेला.

तेव्हापासून रेडिएटरमध्ये बॅटरीचं पाणी म्हणतो ते शुद्ध पाणी आणि कूलंट, यांशिवाय काही नाही. गाडी उकळली तर आधी बंद करायची, झाकण उघडायचं नाही, अर्धा तास सावलीत बसायचं. थांबायला येत नसेल तर जुनी गाडी घेऊ नये.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो. तेव्हा आणखी एक प्रकार होतो. पेट्रोलची नळी इंजिनाजवळून जाते, तिच्यात पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी गुपचूप बंद पडते. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. आता पेट्रोलही बदललं आहे. २०२५ पासून आपल्याकडच्या पंपांवर बहुतेक सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढतं. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचा घालावा आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवून देऊ नये.

इतकं सगळं झाल्यावर पत्र्याची पाळी आली. पत्रा घासायला घेतला तेव्हा रंगाचे थर निघू लागले. वर अब्बांनी मारलेला हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली सरकारी राखाडी. बॉनेट उलटं करून आतली धूळ पुसली आणि तिथे पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक ब्रशनं लिहिलेल्या तारखा दिसल्या. अब्बांचं अक्षर. देवनागरी आकडे, मराठी शाळेत शिकलेले. तारीख, किलोमीटर आणि पुढे "ऑइल", "ग्रीस", "पाटा बदलला". पहिली तारीख १९७५ ची, शेवटची १९९८ ची. मधे एका ओळीत काम लिहिलेलं नव्हतं, फक्त एका दवाखान्याच्या गावाचं नाव होतं. अम्मीला दाखवलं. ती म्हणाली, "तेरी बहन हुई ना, उस रात का है." त्या रात्री पूर आलेला होता आणि जीप चिखलातून गेली होती, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिची तारीख मला त्या दिवशी मिळाली.

पेंटर म्हणाला, "आतून पण मारून देतो, नवी कोरी दिसंल." मी नको म्हणालो. बाहेरून गंज काढून रंग दिला, कारण गंज थांबवणं भाग होतं. आतला पत्रा तसाच ठेवला, फक्त त्यावर पातळ पारदर्शक वार्निश दिलं.

शेवटचा प्रश्न कागदांचा, आणि तोच सगळ्यांत अवघड निघाला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या मोटारींसाठी नवे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. इथे मला अब्बांच्या त्या वाक्याचा अर्थ कळला. चेसिसवर ठोकलेला नंबर मी लिंबू आणि राखेनं घासून वाचला. ब्लॉकवर ठोकलेला नंबर वाचला. दोन्ही जुन्या आरसी बुकातल्या मूळ नोंदीशी जुळले. 'जनम का इंजन' घरातच होतं म्हणून ही गाडी कागदावर तीच गाडी राहिली होती. ते इंजिन भंगारात गेलं असतं तर आमच्याकडे जीपसारखी दिसणारी एक वस्तू उरली असती.

मित्रांनी आग्रह केला, व्हिंटेज करून टाक, किंमत वाढेल. पण त्या नियमांत एक अट आहे. अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायला. रोजच्या कामाला नाही, धंद्याला तर नाहीच. नियम योग्यच आहे. इतक्या जुन्या गाड्यांना ना आजचे ब्रेक, ना धुराचं नियंत्रण. ज्यांच्याकडे ठेवणीतल्या मोटारी आहेत त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. पण मी बरेच दिवस अडखळलो. ज्या गाडीनं माझ्या बहिणीला जगात आणलं, तिला मी फुलांचा हार घालून मैदानात उभी करू? की तिला वावरात नेऊ?

मी दुसरा रस्ता धरला. साधी खासगी नोंदणीच पुन्हा जिवंत करायची. इंजिन पुन्हा पेट्रोलचं केल्याची नोंद, थकलेला कर, दंड, तपासणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याची फी गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. अमरावतीच्या किती चकरा झाल्या ते मी मोजलं नाही. खर्चाचा हिशेब मात्र लिहिला आहे. तो धाकट्या भावाला दाखवला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "भाईजान, भंगारवाला शहाणा होता." त्याचं म्हणणं हिशेबानं आजही बरोबर आहे. लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी गाडी आहे ही. मी कमावलं काही नाही.

पण गेल्या पावसाळ्यात तुरीचं बियाणं घेऊन आम्ही वावरात गेलो. पांदणीत ट्रॅक्टर रुतून बसला होता. मी ती छोटी दांडी ओढली. जीप हळूहळू, कण्हत, चिखलातून निघाली. भाऊ शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, पण परत येताना म्हणाला, "घरापर्यंत मी चालवतो."

गाडी नवी करणं मला जमलं नाही आणि ते करायचंही नव्हतं. गंज थांबवायचा, झिजलेलं बदलायचं, बाकीचं राहू द्यायचं आणि तिला काम द्यायचं, एवढंच मला दुरुस्तीतलं कळलं. उभ्या गाडीचे रबर सुकतात, टाकी गंजते, उंदीर वायरी खातात. चालती गाडी स्वतःची दुखणी आवाजानं सांगते. म्हणून दर रविवारी सकाळी मी पाणी बघतो, ऑइलची काडी बघतो, ब्रेकचं ऑइल बघतो, टायरची हवा बघतो, महिन्यातून एकदा प्रत्येक निपलला ग्रीस मारतो आणि इंजिन पुरतं तापेपर्यंत गाडी फिरवून आणतो. नुसतं दारात पाच मिनिटं चालू ठेवून बंद केलं तर आत ओलावा धरतो.

तुमच्याही गोठ्यात, वाड्यात एखादी जुनी जीप, मोटारसायकल, स्कूटर उभी असेल. भंगारवाल्याला हो म्हणायच्या आधी एवढं करा. चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर घासून वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. सुटून पडलेला मूळ भाग फेकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा आणि विचारा. मग विकायची तर खुशाल विका, त्यात कमीपणा नाही. आणि ठेवायचीच ठरली, तर पहिल्या दिवशी ब्रेक करा.

बॉनेटच्या आत अब्बांच्या शेवटच्या ओळीखाली बरीच जागा शिल्लक होती. आता तिथे माझ्या अक्षरात सात ओळी आहेत. सातवी ऑइल बदलल्याची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)